लेगियेमची अकरा ट्रक माती

लेगियेमचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू होई. मशिदीचा भोंगा खरखरायला लागण्याआधी ती चिखलात उतरलेली असे. आदल्या संध्याकाळी माती खणून, पाणी मारून, केळीच्या पानांखाली मुरत ठेवायची. पहाटे ती तुडवायची. ऊन चढायच्या आत चारशे विटा थापून व्हायला हव्यात, म्हणजे तुडवणी पाचपर्यंत आटपायला हवी. हे गणित ती एकोणिसाव्या वर्षी शिकली आणि एकसष्टाव्या वर्षापर्यंत तिने त्यात ढिलाई केली नाही.

चिखल तुडवणं बघणाऱ्याला सोपं वाटतं. पाय उचलायचा, टाकायचा. पण टाच खाली गेली की माती तिला धरून ठेवते, आणि तिला ओढून काढायची ताकद गुडघ्यातून येत नाही, खुब्यातून येते. एका घाण्याला हजारभर पावलं. पायाला खडा लागला तर थांबून काढायचा, कारण खडा राहिलेली वीट भट्टीत तडकते आणि शेजारच्या दोघींना घेऊन तडकते. लेगियेमच्या विटेत खडा निघाला असं कुणी कधी म्हटलं नाही. मात्र पंचावन्नाव्या वर्षापासून तिचा उजवा खुबा बोलायला लागला होता. आधी घाण्याच्या शेवटी, मग मध्यावर, मग पहिल्याच पावलाला.

गाव इंडोनेशियातल्या जावा बेटावर, जोग्जा शहराच्या पूर्वेला, मोटारसायकलने वीस मिनिटांवर. अर्ध्या गावात भात, अर्ध्या गावात विटा. लेगियेमचा नवरा तुगिरान याच्या वाट्याला बापाकडून घरामागचा चाळीस पावलं लांब आणि पंधरा पावलं रुंद असा तुकडा आला होता. नवराबायकोने त्यात पेरलं काहीच नाही. तो तुकडाच खणून विकला, विटा करून. दर हंगामाला खोऱ्याच्या पात्याएवढी माती खाली जायची. मधे एक नारळ होता, तो तुगिरानच्या बापाने लावलेला, म्हणून त्याच्या मुळांभोवतीची माती त्यांनी कधी काढली नाही. वर्षं गेली तसा नारळ उंच ढिगावर एकटा उभा राहिला. भोवतालची जमीन मात्र खाली गेली होती. तुगिरान त्या ढिगाला टेकून माप घ्यायचा. "मांडीपर्यंत आलो." काही वर्षांनी, "कंबरेपर्यंत." तो छातीच्या दुखण्याने गेला त्या वर्षी ढीग लेगियेमच्या छातीला लागत होता. भट्टीचा धूर त्याने तीस वर्षं गिळला होता. डॉक्टरने विचारलं, विडी किती ओढता? तुगिरान म्हणाला, "विडीला वेळ कुठे होता!"

खड्ड्यात पाणी साचत नसे. दक्षिणेच्या कडेला एक चर होता. तो हाजी मुहसिनच्या भातशेतातून खालच्या ओढ्याला जायचा. पाऊस कितीही झाला तरी दोन दिवसांत जमीन उघडी पडायची. चर कुणाचा, कुणी खणला, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तो होताच.

तुगिरान गेल्यावर लेगियेमने एकच गोष्ट ठरवली. खुबा पूर्ण जायच्या आत चिखलातून बाहेर पडायचं. शहर गावाकडे सरकत होतं. नर्सिंगच्या कॉलेजातल्या मुली खोल्या शोधत गावापर्यंत यायच्या. ज्यांच्याकडे गाय होती त्यांनी गाय विकून दोन-दोन खोल्या बांधल्या. लेगियेमकडे गाय नव्हती, विटा होत्या. प्रत्येक भट्टी उघडली की ती त्यातल्या सगळ्यात चांगल्या शंभर-दीडशे विटा बाजूला काढायची. एकमेकींवर आपटल्या की ज्या भांड्यासारख्या वाजतात, त्या. सात वर्षांत नऊ हजार झाल्या.

जागा एकच होती. खड्डा.

शेजारची तुमिराह तिच्याहून चार वर्षांनी लहान. तीही विटाच थापायची. ती खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून बघायची. लेगियेमला ती यू म्हणे, ताई म्हणावं तसं.

"यू लेगी, भाडं मुलींकडून घेणार की मागुर माशांकडून?"

"जे वेळेवर देतील त्यांच्याकडून."

"मग मासेच बरे. त्यांना पंखा लागत नाही."

"तू ये राहायला. तुला पंखाही लागत नाही आणि तोंडही बंद होत नाही."

"मी कशी येऊ? तुझ्या खोल्यांना जिना वरून खाली. म्हातारपणी मला कबरीत उतरायचा सराव नको."

लेगियेमने पाया खोल घेतला, जोत्याला विटांचे चार थर जास्तीचे दिले. गवंडी मजुरीने लावला. पाणी, वाळू, विटा तिने स्वतः वाहिल्या. एका खेपेला बारा विटा, सहा पुढे सहा मागे, खांद्यावर कावड. दोन खोल्या, पुढे हातभर ओटा, वर पत्रा. खड्ड्यात उतरायला नऊ पायऱ्या. तिने ओटा इतका घोटला की त्यावर पाणी सांडलं तर थेंब गोळा होऊन राहायचा.

मे महिन्यात दोन मुली आल्या. एक वोनोसारीची, एक क्लातेनची. त्या तिला म्बाह म्हणत, आजी म्हणावं तसं. क्लातेनची मुलगी उंच होती, दारातून आत येताना मान तिरकी करायची. खड्डा त्यांना आवडला. वारा लागत नाही, रस्त्याचा आवाज येत नाही. भाडं महिन्याच्या पाच तारखेला यायचं, न मागता.

जूनपासून लेगियेमने चिखल तुडवणं थांबवलं. थापणं सुरू ठेवलं, पण माती तुमिराहच्या सुनेकडून तुडवून घ्यायची. पावणेचारला जाग यायचीच. ती उठून चूल पेटवायची, गोड चहा करायची आणि ओट्यावर बसून प्यायची. बसून. बेचाळीस वर्षांत पहाटेचा चहा ती पहिल्यांदा बसून पीत होती. सप्टेंबरपर्यंत खुबा गप्प झाला. ऑक्टोबरमध्ये एकदा ती जिना चढताना कठडा न धरता चढली आणि वर पोचल्यावर तिच्या ते ध्यानात आलं.

त्याच ऑक्टोबरात हाजी मुहसिनच्या मुलांनी शेत घरं बांधणाऱ्या एका कंपनीला विकलं.

वस्तीचा कारभारी पाक सुगितो. त्याला सगळे पाक दुकुह, म्हणजे कारभारीबाबा, म्हणत. त्याने रविवारी दुपारी आपल्या ओसरीवर आजूबाजूच्या जमीनवाल्यांना बोलावलं. चटया अंथरलेल्या, चहाचे पेले, भिंतीशी जेवणाचे पुठ्ठ्याचे डबे रचलेले. कंपनीकडून हेंद्री नावाचा तरुण आला होता. स्वच्छ बाटिकचा सदरा, बूट उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवलेले. तो बोलायला लागण्याआधी सगळ्यांना वाकून हात जोडून आला. म्हाताऱ्यांशी तो जावाच्या चांगल्या, वरच्या भाषेत बोलला, शहरातली पोरं आता बोलत नाहीत तशी. त्यामुळे सगळ्यांना तो आवडला.

"आम्ही इथे पाहुणे," तो म्हणाला. "तुमच्या मर्जीशिवाय एक दगड हलणार नाही. जमीन थोडी वर उचलू, रस्त्याच्या पातळीला. भोवती भिंत. बावीस घरं होतील. कामं निघतील, दुकानं चालतील. आपली मर्जी आहे ना?"

"इंग्गिह," सगळे म्हणाले.

इंग्गिह म्हणजे हो. पण मोठ्यासमोर, पाहुण्यासमोर तोंडातून दुसरा शब्द निघतच नाही. ऐकलं तरी इंग्गिह, कळलं तरी इंग्गिह, पटलं नाही तरी इंग्गिह. नको असेल तर माणूस इंग्गिह म्हणतो आणि नंतर येत नाही, करत नाही. समोरचा काय ते समजतो. गावात यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं.

लेगियेमच्या मनात चर आला. जमीन वर उचलली, भिंत घातली, मग चराचं काय? तिने तुमिराहकडे पाहिलं. तुमिराह डब्यांकडे बघत होती. तिने पाक दुकुहकडे पाहिलं. त्याचा चेहरा हसरा होता. हे विचारायचं काम त्याचं, तिला वाटलं. भर बैठकीत बाईने उठून पाहुण्याला चराचं विचारायचं म्हणजे कारभाऱ्याला ते सुचलं नाही असं म्हणण्यासारखं. ती गप्प बसली.

हेंद्री तिच्यासमोर आला तेव्हा गुडघ्यावर बसला, आईला म्हणावं तसं बू म्हणाला. "बू लेगियेम, तुमचा तुकडा अगदी लागून आहे. तुमची हरकत नाही ना?"

"इंग्गिह, मास," ती म्हणाली, तरुणाला दादा म्हणावं तसं.

मग एक कागद फिरला. आलेल्यांची नावं, असं पाक दुकुह म्हणाला. नाव, सही. लेगियेमला सही येत होती. तिने ती सावकाश, ओळ न सोडता केली. जेवणाच्या डब्यात भात, कोंबडीची तंगडी, एक अंडं, केळं होतं. तिने तंगडी मुलींसाठी राखून नेली.

आठवड्याने ट्रक यायला लागले. दिवसाला चाळीस. भिंतीसाठी कंपनीला विटा हव्या होत्या आणि गावात सगळ्यात चांगली वीट कुणाची हे हेंद्रीने विचारून घेतलं होतं. लेगियेमकडे एक पूर्ण भट्टी तयार होती. त्याने भाव केला नाही. मजूर तिच्या खड्ड्यातून विटा उचलून वरच्या कडेला रचत होते आणि ती मोजत होती. एक मजूर सहा-सहा विटा टाकत होता, तिने त्याला ओरडून थांबवलं. "फेकू नको! विटेला कोपरा असतो!"

भिंत दक्षिणेकडून वर आली. चराच्या तोंडाशी ती आली तेव्हा लेगियेम तिथे उभी होती. मुकादम म्हणाला, "पाइप टाकणार आहेत, बू. नकाशात आहे." पाया भरला गेला. पाइप नकाशातच राहिला. भिंतीमागे माती आणखी वर चढली आणि हाजी मुहसिनचं शेत नारळाच्या ढिगापेक्षा उंच झालं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागला. पाण्याने जोत्याचे सगळे थर झाकले, मग उंबरे, मग खाटा. वरच्या भरावातून गढूळ ओहोळ भिंतीच्या फटींतून खड्ड्यात येत होते. मुलींनी पुस्तकं डोक्यावर घेऊन जिना चढला. वोनोसारीच्या मुलीचा फोन पाण्यात गेला, तीच काय ती रडली. पाणी मांडीपर्यंत आलं आणि एकोणीस दिवस हललं नाही.

तुमिराह काठावर येऊन उभी राहिली. मासे हा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. ती बादली घेऊन आली होती. दोघींनी सकाळपासून दुपारपर्यंत पाणी उपसलं. दुपारी लेगियेमने सकाळी भिंतीवर कोळशाने केलेली खूण पाहिली. पाणी दोन बोटं वर गेलं होतं.

"पुरे, तुमिराह."

"आणखी पन्नास बादल्या, यू."

"पुरे म्हटलं ना."

मुलींनी त्या महिन्याचं भाडं देऊ केलं. लेगियेमने घेतलं नाही. क्लातेनच्या मुलीने तिचा हात कपाळाला लावला आणि त्या दुसऱ्या गल्लीत, उंचावर, राहायला गेल्या.

पाक दुकुहच्या ओसरीवर लेगियेम गेली तेव्हा तो पक्ष्याच्या पिंजऱ्यात दाणे घालत होता.

"चर बुजवला त्यांनी," ती म्हणाली.

"हं. वाईट झालं."

"तुम्ही विचाराल असं वाटलं होतं."

"मला वाटलं तू विचारशील. जमीन तुझी." त्याने पिंजऱ्याचं दार लावलं. "मी बोलतो त्याच्याशी. पण यू लेगी, तू म्हणालीस ना तेव्हा... सगळ्यांसमोर."

"काय म्हणाले मी?"

"इंग्गिह."

पत्र्याच्या कार्यालयात हेंद्रीने तिला खुर्ची दिली, पाण्याचा पेला दिला. कपाटातून कागद काढला. खाली तिची सही होती, ओळीवर, सरळ. वर टंकलेली एक ओळ होती, जी त्या रविवारी कागदावर होती की नव्हती हे तिला आठवेना: शेजाऱ्यांची भराव व भिंतीस हरकत नाही.

"मास, मी इंग्गिह म्हटलं ते ऐकलं म्हणून."

हेंद्रीने मान खाली घातली. "मीही जावातलाच, बू. मला कळतं."

"कळतं, मग?"

"मला कळतं. कागदाला कळत नाही." तो पुढे म्हणाला, "कंपनी तुमचा तुकडा घ्यायला तयार आहे. खड्ड्याचा भाव येईल, जमिनीचा नाही. पण येईल."

"आणि मी कुठे जाऊ?"

त्याने कागद परत कपाटात ठेवला. ती उठली, पाण्याचा पेला तसाच होता. दारात तिला म्हणावंसं वाटलं ते "नाही" होतं. तोंडातून निघालं, "इंग्गिह, मास. येते." मग ती परत गेली नाही. हेंद्री काय ते समजला असावा, कारण त्यानेही परत विचारलं नाही.

मागाहूनचे पाऊस येत राहिले, म्हणून पाणी पूर्ण ओसरलं ते मार्चच्या शेवटी. खोल्यांच्या भिंती उभ्या होत्या. एकही वीट फुगली नव्हती, एकही कोपरा सुटला नव्हता. तिने नखाने खरवडून पाहिलं. गिलावा निघाला, वीट नाही.

आता एकच मार्ग होता. खोल्या आणि पुढची वाट कंबरेपर्यंत भरून घ्यायची. माती लागणार, आणि माती विकत घ्यावी लागणार. स्वतःच्या तुकड्यात आता खणण्यासारखी माती उरली नव्हती. खाली वाळू लागली होती. म्हणून एप्रिलमध्ये लेगियेम पलीकडच्या गावात, दुसऱ्याच्या शेतात, रोजावर विटा थापायला गेली. पायी पाऊण तास. त्यामुळे दिवस आता तीनला सुरू व्हायचा. तिथे तुडवून द्यायला कुणाची सून नव्हती. पहिल्या दिवशी पहिल्याच पावलाला खुब्यात कळ गेली. तिने बांबूची काठी चिखलात रोवली, तिला धरून तुडवू लागली. चारशेच्या तीनशे व्हायला लागल्या, दुसऱ्या वर्षी अडीचशे. मालक संध्याकाळी विटा मोजताना दोनदा मोजायचा. विटेत खडा मात्र नव्हता.

ती दोन हंगाम गेली. भात आणि तळलेलं सोयाबीनचं तेंपे, रविवारी अंडं. तुमिराह अधूनमधून कसाव्याची भाजी आणून ठेवायची आणि म्हणायची, "जास्त झाली. कोंबड्यांना घालणार होते." लेगियेम म्हणायची, "तुझ्या कोंबड्या नशीबवान." तेवढंच.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, ट्रक आले. अकरा. लेगियेमने आधी पत्र्यावर उभं राहून दोरीने माप घेतलं होतं. एका ट्रकात दोन हजार विटांची माती बसते हे तिला बघून कळायचं. अकरा ट्रक म्हणजे बावीस हजार विटा, म्हणजे तिच्या चांगल्या दिवसांतली पंचावन्न दिवसांची माती. ती विकत घ्यायला दोन हंगाम लागले होते.

ट्रकवाला कडेवरून माती खाली ओतत होता. तो क्लातेनकडचा, बडबड्या.

"म्बाह, हे घर आहे की विहीर?"

"खोल्या आहेत."

"कोण राहतं?"

"येतील."

त्याने पत्र्याकडे पाहिलं, मातीकडे पाहिलं, मनात काही मोजलं आणि उरलेली माती ओतली. लेगियेमने ते आधीच मोजलं होतं. कंबरेपर्यंत भरल्यावर जमिनीपासून पत्र्यापर्यंत जे उरणार होतं त्यात ती सरळ उभी राहू शकत होती. ती बुटकी होती. क्लातेनच्या त्या उंच मुलीला सतत वाकून वावरावं लागलं असतं. भिंती आणखी चढवायला, पत्रा काढून बसवायला पैसे नव्हते. पैसे मातीपुरतेच होते.

शेवटचा ट्रक गेल्यावर ती खोलीत उतरली. पाटीने माती कोपऱ्यांत सारली. मग मूठभर उचलून हातात घेतली, थुंकून अंगठ्याने चोळली. वाळू कमी, चिकण भरपूर, एकही खडा नाही. तिने ती गोळी करून दाबली. कडा फुटल्या नाहीत.

"कुठली माती?" ट्रकवाल्याला विचारायचं राहून गेलं होतं. कुणाच्या तरी शेताची. वीटमाती होती, चांगली.

भराव दाबून घ्यावा लागतो, नाहीतर पावसात खचतो. यंत्र भाड्याने मिळतं, पण त्याला पैसे लागतात. लेगियेमने लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली, बांबूची काठी मधोमध रोवली, ती उजव्या हातात घट्ट धरली आणि भिंतीच्या कडेने सुरुवात केली. डावा पाय, उजवा पाय. डोक्यावर पत्रा वीतभर उंचीवर होता. काठावरून तुमिराहने हाक मारली, "यू लेगी, मी येऊ का तुडवायला?"

"इंग्गिह," लेगियेम म्हणाली आणि भिंतीकडे सरकून तिच्यासाठी जागा केली.

तुमिराह पायऱ्या उतरायला लागली. आता त्या नऊ नव्हत्या, पाचच उरल्या होत्या.